कार्टूनमधले अस्वल आजोबा कुठे गेले? (मुलांचे कार्यक्रम, तक्रारी आणि कात्री)

पाऊलवाट

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहूनच टाकते. लांबलंय, आधीच सांगते.

माझी मुलगी सहा वर्षांची. ती एक कार्टून बघते, जंगलातल्या प्राण्यांचं. नाव देत नाही कारण प्रश्न त्या एका मालिकेचा नाहीये. त्यात एक अस्वल आजोबा आहेत, काठी टेकत फिरतात, नातवाला मधाची झाडं दाखवतात आणि बसताना गुडघे धरून "आई गंऽऽ" करतात. ते 'आई गं' लेकीला इतकं आवडतं की ती पण सोफ्यावर बसताना तसंच करते. तर मागच्या महिन्यात एका भागात नातवाची लाकडी होडी आजोबांच्या पायाखाली येऊन मोडते, नातू चिडतो, ओरडतो "जा तू इथून!" आणि पुढच्या सेकंदाला शेवटचं गाणं सुरू. संपला भाग. मला वाटलं मध्ये जाहिरात आली असेल, पण नाही. पुढच्या भागात आजोबा नाहीतच. त्याच्या पुढच्यातही नाहीत. कोणी त्यांचं नावसुद्धा काढत नाही.

लेक दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तो असं बोलला ना, म्हणून ते निघून गेले." आणि तेव्हापासून ती माझ्या बाबांशी भांडतच नाही. आधी रिमोटवरून दोघांची रोज जुंपायची, आता ते म्हणाले बातम्या लाव की ही निमूट लावते. बाबा खूश, म्हणतात पोर शहाणी झाली. मला मात्र कळेना की शहाणी झालीये की घाबरलीये.

मग शोधाशोध केली तर कळलं की मूळ भागात भांडणानंतर अजून जेमतेम दोन मिनिटं आहेत. नातू होडी चिकटवून आजोबांकडे जातो, दोघं नदीकाठी बसतात, आणि रात्री आजोबा झोपेतच जातात. सकाळी सगळे प्राणी एकेक पान आणून ठेवतात. बस, एवढंच. ना रक्त, ना किंचाळ्या. हे सगळं उडवलंय. म्हणजे मरण लपवायला गेले आणि समेटही कापून बसले, उरलं काय तर "जा तू इथून".

चॅनलला मेल केला. उत्तर आलं, "बालप्रेक्षक व त्यांच्या पालकांच्या भावना लक्षात घेऊन आवश्यक ते बदल करण्यात येतात." कोणाच्या पालकांच्या? मी पण पालकच आहे की. माझ्या भावना कुठल्या खात्यात जमा झाल्या?

तर विचारायचंय हे, की ही कात्री नक्की कोण चालवतं आणि कोणाच्या सांगण्यावरून? आणि तुमच्यापैकी कोणी कधी तक्रार केलीये का, कापा म्हणून किंवा कापू नका म्हणून?

बोरूबहाद्दर

जागा पकडली. रात्री सविस्तर लिहितो.

खडूस

ताई, लेकीबद्दल वाईट वाटलं पण दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. सगळ्यांच्या घरी आई शेजारी बसून कार्टून बघत नाही. पोरगं एकटं असतं, घरात नुकतंच कोणी गेलेलं असतं, आणि समोर अचानक हे. चॅनलने कोणाकोणाचा विचार करायचा? तक्रार करणाऱ्यांना झोडपणं सोपं आहे, पण तक्रारी झाल्या म्हणूनच बऱ्याच गोष्टी सुधारल्या. पेपा पिग या ब्रिटिश कार्टूनच्या सुरुवातीच्या भागांत गाडीत कोणी सीटबेल्टच लावायचं नाही. लोकांनी बोंब मारली, मग निर्मात्यांनी जुन्या भागांतसुद्धा पट्टे रंगवून घातले. काय बिघडलं? तीन वर्षांचं पोरगं गाडीत पट्टा मागायला लागलं तर बरंच झालं ना.

आणि शिनचॅन म्हणाल तर तो मुळात मुलांचा नव्हताच. १९९० मध्ये जपानमध्ये मोठ्यांच्या मासिकात आलेली चित्रकथा ती. खुद्द जपानमधल्या पालक-शिक्षक संघाच्या पाहणीत 'मुलांना दाखवू नयेसं वाटणाऱ्या कार्यक्रमां'त त्याचं नाव वर्षानुवर्षं वर असायचं. भारतात २००८ मध्ये बंद पडला आणि पुढच्या वर्षी छाटून परत आला, तेव्हा सगळे पालक येडे होते असं म्हणायचंय का?

तिरकी मात्रा

खडूस, पट्टा *घातला*, भाग *कापला* नाही. फरक आहे हो.

खडूस

@तिरकी मात्रा, मान्य. पण शिनचॅनचं उत्तर द्या.

तिरकी मात्रा

शिनचॅन आमच्याकडे छाटलेला पण बघितला आणि मूळही बघितला. पोरगा दोन्हीत सारखाच वाह्यात झाला. (गमतीने घ्या)

कट कॉपी

धागाकर्तीच्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकतो कारण ही कात्री माझ्या हातात असते. म्हणजे असायची. सहा वर्षं मुलांच्या चॅनलसाठी एडिटिंग केलं, आता दुसरीकडे आहे. चॅनलचं नाव विचारू नका.

लोकांना वाटतं कुठेतरी एक चष्मेवाला सेन्सॉर बसलेला असतो. तसं काही नाही. चॅनलमध्येच एक विभाग असतो, एस अँड पी म्हणतात, स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस. तिथून प्रत्येक भागाचा एक तक्ता येतो. एका रकान्यात टाइमकोड, दुसऱ्यात कारण, तिसऱ्यात काय करायचं. कारण दोन-तीन शब्दांचं असतं, 'धोकादायक वस्तू', 'अनुकरणीय कृती', 'दुःखद प्रसंग', आणि काय करायचं ते एका शब्दात, कापा, ब्लर किंवा म्यूट. बस. माझ्यापुढे गोष्ट नसतेच, तक्ता असतो. एका दिवसात सहा-सात भाग हातावेगळे करायचे असतात, कोणता आजोबा कोणाशी भांडला आणि पुढे गोड झाला की नाही हे बघायला वेळ कोणाला आहे.

तुमच्या भागात काय झालं असेल ते मला न बघताही कळतंय. 'दुःखद प्रसंग' या नावाखाली मरणाचा सीन यादीत आला असणार. नदीकाठचा सीन त्याला जोडून असतो, तिथे म्हातारा खोकतो किंवा "मी काय आता" वगैरे म्हणतो, मग पार्श्वसंगीत मध्येच तुटायला नको म्हणून जिथे संगीत सुरू होतं तिथूनच उचलतात. म्हणजे समेट गेला तो कोणाला नको होता म्हणून नाही, व्हायोलिन मध्येच तुटू नये म्हणून गेला! आणि जेवढा भाग गेला तेवढा वेळ भरायला शेवटचं गाणं थोडं लांबवायचं. तुमच्या भागात ते नेहमीपेक्षा लांब वाजलं का बघा.

आता तक्रारींचं. मी होतो तिथे मरणाच्या एका सीनवर एकदा तीन मेल आले होते. तीन. त्यानंतर 'दुःखद प्रसंग' हा शब्द तक्त्यात आला तो कायमचाच. पुढे कधी कोणी तक्रार केली नाही, करणार कशी, दाखवलंच नाही तर. मग वरचे लोक म्हणायचे, बघा, धोरण यशस्वी.

मीच तो

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

उंबरठा

+१. ते व्हायोलिन वाचून हसावं की रडावं कळेना.

पाऊलवाट

कट कॉपी, आत्ता जाऊन बघितलं. गाणं खरंच लांब वाजतंय, शेवटचं कडवं दोनदा आहे. अंगावर काटा आला.

बोरूबहाद्दर

आलो. तीन मेलवरून आठवलं, एका मेलने काय होऊ शकतं ते सांगतो. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये एका, फक्त एका प्रेक्षकाने ऑफकॉमकडे (त्यांची प्रसारणावर लक्ष ठेवणारी संस्था) तक्रार केली की टॉम अँड जेरीच्या दोन जुन्या कार्टूनमध्ये धूम्रपान दाखवलंय. एकात टॉम एका मांजरीवर छाप पाडायला विडी वळून ओढतो, दुसऱ्यात टेनिसच्या सामन्यात त्याचा प्रतिस्पर्धी भलामोठा सिगार ओढत असतो. ऑफकॉमने बंदी वगैरे घातली नाही बरं का, उलट जुन्या काळातली कार्टून आहेत हे लक्षात घेतलं. पण चॅनलवाल्यांनी आपणहून टॉम अँड जेरी, फ्लिंटस्टोन्स, स्कूबी डू अशी पंधराशेच्या वर जुनी कार्टून तपासायला काढली, धूम्रपान रुबाबदार वाटेल असे सीन कापायला. एक तक्रार आणि पंधराशे कार्टून!

गंमत बघा, त्याच कार्टूनमध्ये तवा, हातोडा, सुरुंग, मशेरीसारखा चेहरा काळा होणं, सगळं चालू. त्याबद्दल कोणाचं म्हणणं नाही.

निळी शाई

तवा चालतो कारण तव्याने सपाट झालेला टॉम पुढच्या क्षणी गोल होतो. मुलांना ते बरोबर कळतं. सिगारेट ही घरात मोठ्यांच्या हातात दिसणारी गोष्ट आहे, त्यामुळे त्या तक्रारीत मला तथ्य वाटतं. 'अनुकरणीय' या शब्दाला अगदीच हसू नका. मुलं नक्कल करतात. मी बालवाडीत शिकवते, रोज बघते. पण ती सगळ्याचीच करत नाहीत, जे त्यांच्या हाताला लागतं त्याची करतात. सुरुंग कोणाच्या हाताला लागत नाही, ओढणी लागते. त्यामुळे कोणी टेबलावरून मान अडकवून लटकताना दाखवलं तर मी पण तक्रार करीन, आणि एकटी असले तरी करीन. एकाच माणसाची तक्रार म्हणून ती खोटी ठरत नाही.

पेपा पिगचंच उदाहरण घ्या. एका भागात बाबा डुक्कर सांगतात कोळी छोटे असतात, ते काही करत नाहीत. ब्रिटनमध्ये ठीक आहे. तोच भाग ऑस्ट्रेलियात गेला, जिथे खरोखर विषारी कोळी असतात. २०१२ मध्ये तिथल्या एबीसी या सरकारी वाहिनीने तो पुन्हा दाखवायचा नाही असं ठरवलं, पुढे २०१७ मध्ये दुसऱ्या चॅनलवर लागला तर एका आईने तक्रार केली आणि तिथूनही काढला. मला यात काही चूक दिसत नाही. गोष्ट तीच, जमीन बदलली की अर्थ बदलतो.

खडूस

घ्या! कोणीतरी माझ्या बाजूने बोललं या धाग्यावर.

निळी शाई

तुमच्या बाजूने नाही, कोळ्याच्या विरुद्ध. :)

उंबरठा

मला नेहमी वाटतं तक्रारीत राग खरा असतो पण बोट भलतीकडे असतं. सगळ्यात भारी नमुना म्हणजे पोकेमॉन या जपानी कार्टून मालिकेचा तो भाग. १६ डिसेंबर १९९७, जपान, संध्याकाळी साडेसहाची वेळ. एका दृश्यात लाल-निळे झोत सेकंदाला साधारण बारा वेळा चमकले आणि ६८५ जणांना, बहुतेक मुलंच, दवाखान्यात न्यावं लागलं. झटके, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी. कळस म्हणजे रात्रीच्या बातम्यांत काहींनी तोच तुकडा परत दाखवला आणि अजून लोक आजारी पडले. मालिका चार महिने बंद. हे झालं खरं संकट, यात कोणाच्या भावनांचा प्रश्न नाही, थेट मेंदूचा आहे.

पण शिक्षा कोणाला झाली? त्या भागात पोरिगॉन नावाचा पोकेमॉन (मालिकेतले काल्पनिक प्राणी, त्यातला एक) होता. तो तेव्हापासून आजवर मालिकेत कधी नीट परतलाच नाही, त्याच्या पुढच्या अवतारांनाही बंदी. आणि तो चमकणारा स्फोट झाला कोणाच्या विजेमुळे? पिकाचूच्या! पिकाचू सगळ्यांचा लाडका, दप्तरांवर, डब्यांवर, त्याला कोण काढणार. गरीब बिचारा पोरिगॉन उगाच बळीचा बकरा.

मीच तो

हसून हसून पुरेवाट. #पोरिगॉनलान्यायद्या

कट कॉपी

उंबरठा, या बाबतीत मात्र कात्रीवाल्यांची बाजू घेतो, कारण त्या प्रकरणानंतर जे बदललं ते कामाचं होतं. आता भाग प्रसारणाला जायच्या आधी फ्लॅश टेस्टमधून जातो, आमच्यात हार्डिंग टेस्ट म्हणतात. सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम बघतं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त झोत, पडद्याच्या पाव भागाहून मोठे, की लाल रेघ वर जाते आणि भाग नापास. गडद लाल रंगाला तर वेगळाच नियम. मग आम्ही काय करायचो, तर कापायचो नाही. चमक मंद करायची, मधल्या फ्रेम थोड्या करड्या करायच्या, आलेख खाली आला की पास. गोष्टीला धक्का नाही, पोरांनाही नाही. एका वादळाच्या सीनवर मी अख्खी दुपार घालवली होती, वीज दिसली तर पाहिजे पण रेघेच्या वर जायला नको. त्या कामाचा अजून अभिमान वाटतो.

'दुःखद प्रसंगा'ला असं कुठलं मीटर नाही ना, तिथेच घोळ आहे. आलेख नाही, त्यामुळे भीती हेच मीटर.

तिरकी मात्रा

अवांतर: भीतीवरून आठवलं, नव्वदच्या सुमारास ब्रिटनमध्ये निंजा टर्टल्स (लढणाऱ्या कासवांचं कार्टून) आले तेव्हा 'निंजा' शब्दच नको म्हणून नाव केलं 'हीरो टर्टल्स'. त्यातल्या मायकलअँजेलो नावाच्या कासवाच्या हातातल्या त्या साखळीच्या दांडक्यांची दृश्यं पण कापायचे, पुढे तर निर्मात्यांनीच त्याला दोरी आणि आकडा देऊन टाकला. सिनेमाच्या वेळी तर तिथल्या सेन्सॉरने तो *सॉसेजची माळ* दांडक्यासारखी फिरवतो तेही कापलं होतं. सॉसेज!

बोरूबहाद्दर

आणि टेलिटबीज या तान्ह्या मुलांच्या ब्रिटिश कार्यक्रमातल्या टिंकी विंकीची ती पर्स विसरू नका. १९९९ मध्ये अमेरिकेत एका धर्मोपदेशकाच्या मासिकाने लिहिलं की टिंकी विंकी जांभळा आहे, हातात पिशवी आहे, म्हणजे तो समलिंगी. २००७ मध्ये पोलंडमधल्या बालहक्क अधिकारी बाईंनी पण तोच विषय काढला, मानसतज्ज्ञांकडून तपासू म्हणाल्या आणि जगभर हसं झाल्यावर विषय सोडला. दोन वर्षांच्या पोरांना विचारलं असतं तर त्यांनी एकच सांगितलं असतं की पिशवीत काय आहे ते दाखव.

खडूस

हे सगळं मजेशीर आहे पण तुम्ही मुद्दाम येडपट तक्रारी निवडताय. अशाने कोणीही हरतं.

निळी शाई

खडूस बरोबर बोलताहेत. मग एक अजिबात मजेशीर नसलेली घ्या. १९७० साली अमेरिकेत मिसिसिपी राज्याच्या शैक्षणिक टीव्हीच्या आयोगाने सेसमी स्ट्रीट हा लहान मुलांचा कार्यक्रम दाखवायचा नाही असं मतदानाने ठरवलं. का, तर त्यात काळी आणि गोरी मुलं एकत्र खेळतात, आमचं राज्य याला तयार नाही. बातमी बाहेर फुटली, बोंबाबोंब झाली आणि तीनेक आठवड्यांत निर्णय मागे घ्यावा लागला. म्हणजे 'पालकांच्या भावना' या नावाखाली काहीही खपतं, हे त्या पाऊलवाटच्या मेलमधल्या वाक्यासाठी सांगतेय. मेलमध्ये भावना कुठल्या ते लिहिलेलंच नसतं.

आणि त्याच सेसमी स्ट्रीटवाल्यांनी स्वतःहूनही भाग मागे घेतलेत, पण त्यांची पद्धत बघा. १९९२ मध्ये त्यांनी आईबाबांच्या घटस्फोटावर एक भाग पूर्ण तयार केला. प्रसारणाआधी लहान मुलांच्या गटाला दाखवला आणि नंतर प्रश्न विचारले. मुलांनी भलतंच घेतलं होतं, की आईबाबा भांडले म्हणजे आता आमचे पण वेगळे होणार, गोष्टीतले बाबा आता आपल्या मुलावर प्रेम करत नाहीत. झालं, तयार भाग कपाटात ठेवला. खर्च झालेला असूनही. तो विषय त्यांनी हाताळला पुढे वीस वर्षांनी, तेही टीव्हीवर नाही, वेगळ्या ऑनलाइन साहित्यात. माझ्या लेखी ही खरी काळजी. चॅनलने ती दोन मिनिटं कापल्यावर एका तरी सहा वर्षांच्या मुलीला उरलेला भाग दाखवून विचारलं असतं की आजोबा कुठे गेले, तर उत्तर तिथल्या तिथे मिळालं असतं.

पाऊलवाट

निळी शाई, अगदी. हेच मला सांगता येत नव्हतं. कापलेला भाग पण एक गोष्टच सांगतो, ती कोणी तपासतच नाही.

उंबरठा

त्यांनीच मरणावर केलेला भाग माहीत असेल ना? दुकानदार आजोबांचं काम करणारे नट १९८२ च्या डिसेंबरमध्ये गेले. दुसरा नट आणता आला असता, पात्र दूर गावी गेलं म्हणता आलं असतं. त्यांनी जाणकारांना विचारून ठरवलं की 'गेले' नाही, 'वारले' असंच स्पष्ट सांगायचं, कारण 'गेले' म्हटलं की मूल परत यायची वाट बघतं. आणि भाग लावला १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये, सणाच्या सुट्टीच्या दिवशी, मुद्दाम, की त्या दिवशी मोठी माणसं घरी असतील आणि मुलांना प्रश्न पडले तर उत्तर द्यायला कोणीतरी असेल. खडूस, तुमच्या 'पोरगं एकटं असतं' या मुद्द्याचं उत्तर हे आहे. कापायचं नाही, वेळ बघायची.

खडूस

हे मला माहीत नव्हतं. हे पटलं. सुट्टीच्या दिवशी लावणं म्हणजे भारी डोकं आहे.

तरी एक, त्यांच्याही एका भागात १९७६ ला चेटकीण आणली होती ती पोरं इतकी घाबरली की पालकांची पत्रं आली आणि तो भाग परत कधी टीव्हीवर लावला नाही. म्हणजे तक्रारींना मान त्यांनीही दिलाच. एवढं म्हणून थांबतो.

मीच तो

खडूस थांबतोय, नोंद घ्या.

बोरूबहाद्दर

माझ्या मते तक्रार आणि कात्री हे आपण उगाच एकच समजतोय. तक्रार 'हे कापा' अशीच असायला पाहिजे असं कुठे आहे? अमेरिकेत १९६८ मध्ये काही आयांनी मिळून मुलांच्या टीव्हीसाठी एक संघटना काढली, पेगी चारेन त्यातल्या प्रमुख. त्या आयुष्यभर तक्रारी करत राहिल्या पण सेन्सॉरशिपच्या ठाम विरोधात. त्यांची तक्रार होती जाहिरातींबद्दल आणि चांगलं काहीच नाही याबद्दल. म्हणजे हे काढा नाही, अजून काहीतरी द्या. त्यातून १९९० मध्ये कायदा झाला, मुलांच्या कार्यक्रमांत जाहिराती शनिवार-रविवारी तासाला साडेदहा मिनिटं आणि इतर दिवशी बारा मिनिटं, त्याच्यावर नाही. साडेदहा मिनिटंसुद्धा काही कमी नाहीत म्हणा.

स्वीडन तर त्याही पुढे, १९९१ पासून बारा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरातच नाही. आपण आजोबांच्या मरणावर भांडतोय आणि त्याच भागाच्या मध्ये पोरांना काय काय विकलं जातंय त्यावर एकही 'दुःखद प्रसंग' लिहिलेला तक्ता नाही.

कट कॉपी

जाहिरातींचा तक्ता आमच्याकडे यायचाच नाही. तो मजलाच वेगळा.

तिरकी मात्रा

सगळं ठीक पण आता टीव्ही बघतंय कोण? पोरांच्या हातात मोबाईल आहे. २०१७ मध्ये ते प्रकरण बाहेर आलं होतं ना, यूट्यूबवर ओळखीच्या कार्टूनमधली पात्रं घेऊन भयानक व्हिडिओ, सुया टोचतायत, काय काय. तिथे कोणता एस अँड पी होता? टीव्हीवर निदान चिडायला कोणीतरी असतं, पत्ता असतो. इथे आपण 'रिपोर्ट' दाबायचं आणि खाली तसाच पुढचा व्हिडिओ तयार. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने मला विचारलं, आई, हे काढतं कोण? मी म्हटलं मशीन. तो म्हणाला, मग लावतं कोण? मी म्हटलं ते पण मशीनच. त्यावर तो जो हसला ना.

निळी शाई

जाता जाता, पाऊलवाट, परत मेल कराल तर एक सुचवते. 'निराशा झाली', 'निषेध' असलं लिहू नका, त्याला छापील उत्तरच येतं. तारीख, वेळ, भागाचं नाव, कोणत्या वाक्यानंतर कापलं आणि त्यामुळे मुलीला काय समजलं, तिच्या शब्दांत, एवढंच लिहा. आणि शेवटी काय हवंय ते एका ओळीत. कापलेलं परत लावा, किंवा समेटाचा तरी सीन ठेवा. लवकर करा, बहुतेक ठिकाणी मुदत असते, ब्रिटनमधल्या ऑफकॉमचं तर प्रसारणापासून वीस कामाचे दिवस असं आहे. आधी चॅनलला आणि तिथे दाद नाही मिळाली की वरच्या संस्थेकडे, हा क्रम साधारण सगळीकडे चालतो.

कट कॉपी

निळी शाईंशी सहमत, आणि आतली गोष्ट सांगतो, 'कापू नका' अशी तक्रार येतच नाही. सहा वर्षांत मी एक पण पाहिली नाही. ज्यांना आवडतं ते बघून गप्प बसतात. त्यामुळे तुमचा मेल कोणीतरी चारचौघांत वाचून दाखवेल, निदान नवलाई म्हणून. व्हायोलिनचं मात्र लिहू नका, मी पकडला जाईन.

पाऊलवाट

केला मेल. लेकीचं वाक्य जसंच्या तसं घातलं. व्हायोलिनचं नाही लिहिलं. :)

आणि काल रात्री मूळ भाग मिळवून तिच्यासोबत बघितला. भाषा कळत नव्हती, खालची अक्षरं मी वाचून दाखवत होते. होडी चिकटवून नातू जातो तिथे ती एकदम सरळ बसली. "म्हणजे ते रागावले नव्हते?" म्हटलं नाही. "मग?" म्हटलं बघ पुढे. पानांच्या सीनला ती काही बोलली नाही, मला वाटलं रडेल, रडली नाही, नुसती माझ्या बोटातली अंगठी गोल गोल फिरवत बसली. शेवटी म्हणाली, "मग काठी आता कोणाकडे आहे?"

मला काय माहीत. म्हटलं पुढच्या भागात कळेल.

आज सकाळी रिमोटवरून बाबांशी कडाक्याचं भांडण झालंय. बाबा म्हणतात बिघडली परत.

खडूस

ही बातमी वाचून बरं वाटलं. मनापासून.

तिरकी मात्रा

पाऊलवाट, खाजगी निरोपात मालिकेचं नाव विचारलं होतं ते याचसाठी. आम्ही ती मालिका मूळ भाषेत बघितलीये. काठी तीन भागांनंतर नातवाच्या हातात येते. पण चॅनलवर दिसेल की नाही शंका आहे, तो तिने वाटेतला साप बाजूला सारतो.

कट कॉपी

'धोकादायक वस्तू'. गेली असणार. किंवा ब्लर.

पाऊलवाट

आत्ता लागलाय तो भाग. ब्लर आहे. नातवाच्या हातात नुसता एक करडा डाग, चालताना पुढे-मागे हलतोय. मी काही बोलायच्या आतच ही ओरडली, "आई, ती बघ काठी! त्याच्याकडेच आहे!"